शेअर घेण्यापूर्वी: आपण कशाचे भागीदार होत आहोत?



जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने मला मोबाईलवर एका कंपनीच्या शेअरचा आलेख दाखवला. वर्षभरात भाव दुप्पट झाला होता. "यात पैसे घातले तर चालतील का?" त्याने विचारले. मी उलट विचारले, "ही कंपनी काय बनवते?" तो गप्प राहिला. आईची साठवलेली रक्कम तो गुंतवणार होता. पण त्या पैशाने आपण कोणत्या धंद्यात वाटेकरी होणार, हे त्याला ठाऊक नव्हते.

इस्लामने संपत्ती वाढविण्यास मनाई केलेली नाही. सूरह अल-बकराच्या 275 व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः नबुव्वतीपूर्वी हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शाम देशी व्यापाराला गेले होते. भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे आणि नफ्यात दोघांचा वाटा, ही पद्धत इस्लामी व्यवहारशास्त्राला मान्य आहे. शेअरसुद्धा मुळात भागीदारीच आहे. म्हणून पहिला प्रश्न "भाव किती वाढेल?" हा नसून "मी कशाचा भागीदार होत आहे?" हा आहे.

आपल्याच खानदेशातील उदाहरण घ्या. 1945 साली मुहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच आजची विप्रो. गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि दशकानुदशके सांभाळले. त्यातील कित्येक घरे पुढे संपन्न झाली. त्यांच्याजवळ आलेख नव्हता. कारखाना डोळ्यांसमोर होता, माल ओळखीचा होता आणि अंगी सब्र होता. मात्र यातून चुकीचा धडा घेऊ नका. विप्रोची कथा सांगितली जाते, कारण ती टिकली. ज्या कंपन्या बुडाल्या, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. रोजी देणारा अल्लाह आहे. आपल्या हाती फक्त पारख आहे.

ही पारख कशी करावी? सर्वप्रथम धंदा पाहा. दारू, जुगार, डुकराचे मांस, अश्लीलता, व्याजावर चालणारी बँक किंवा वित्तसंस्था असेल, तर पुढे वाचण्याची गरजच नाही. त्यानंतर ताळेबंद उघडा. इस्लामी वित्तव्यवहारांचे मानदंड ठरविणाऱ्या 'आयोफी' या संस्थेने मर्यादा घातल्या आहेत: व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, व्याजी ठेवीही त्याच मर्यादेत असाव्यात आणि अवैध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत असावे. काही उलमांना एवढी सवलतही मान्य नाही. म्हणून आपल्या विश्वासातील आलिमांना अवश्य विचारा.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्या. शरीअत जे पाहण्यास सांगते, तेच चाणाक्ष व्यापारीही पाहतो. विक्री आणि नफा एकाच वर्षी नव्हे, तर सलग काही वर्षे वाढला आहे काय? नफा मूळ धंद्यातून आला की 'इतर उत्पन्न' या सदराखाली व्याजातून? कागदावर दिसणारा नफा रोख रकमेच्या रूपाने हाती येतो काय? विस्तार स्वतःच्या कमाईतून होतो की कर्जातून? प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण तर ठेवलेले नाहीत? एवढे करूनही भाव कमाईच्या मानाने अवाजवी असेल, तर थांबा. चांगला मालसुद्धा वाटेल त्या किमतीला घ्यायचा नसतो.

याउलट, ज्याला धंद्याशी कर्तव्य नाही, फक्त भावाशी आहे, तो मैसिरच्या उंबरठ्यावर उभा आहे. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे हाल पाहा: सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तेथील 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला, सरासरी सुमारे 2 लाख रुपये. हा पैसा कोणाच्या लग्नासाठी, कोणाच्या शिक्षणासाठी, कोणाच्या हजसाठी जमविलेला असेल! व्याजाने पैसे काढून शेअर घेणे तर दुहेरी संकट आहे: नफा अनिश्चित आणि गुनाह निश्चित.

नफा झाला तरी जबाबदारी संपत नाही. लाभांशात जेवढा अवैध उत्पन्नाचा अंश असेल, तेवढा पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाका. विक्रीसाठी घेतलेल्या शेअरच्या बाजारभावावर, निसाब पूर्ण असल्यास, अडीच टक्के जकात काढा.

कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न होतील: कोठून कमावली आणि कशावर खर्च केली? किती पटींनी वाढली, हे विचारले जाणार नाही. त्या तरुणाने पैसे घातले की नाही, मला ठाऊक नाही. जाताना तो एवढेच म्हणाला, "आधी कंपनीचा अहवाल वाचतो." तुम्हीही आज घरी बसून आपल्याजवळच्या प्रत्येक शेअरविषयी हाच प्रश्न विचारा: मी कशाचा भागीदार आहे?

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल रोजी, तिच्यात बरकत आणि लोभापासून संरक्षण देवो. आमीन.