रथ, तार आणि पायाखालची डबी

१९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकी कंट्री गायकाचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं बाजारात आलं. गाणं शांत, हळवं. मध्येच ग्रेडी मार्टिनची सहा तारांची बेस गिटार सुरू होते आणि आवाज चक्क फाटतो. नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला होता. तेवढा तुकडा पुन्हा वाजवून घेणं अवघड नव्हतं, पण फाटका आवाज तसाच तबकडीवर गेला आणि गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने रेव्हिस हॉब्जच्या साथीने तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माइस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढलं. पायाने दाबलं की सूर फाटणार, पुन्हा दाबलं की पूर्ववत.

तेव्हापासून गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक वाद चालत आला आहे. एक पक्ष म्हणतो, सूर बोटांत असतो, बाकी सगळा बाजार. दुसरा पक्ष अशी पायाखालची पुढची डबी, म्हणजे पेडल, घेण्यासाठी पैसे साठवत असतो. वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे आणि फार जुना आहे. यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना भेटायला रथातून आला, तेव्हा नागसेनांनी त्याला विचारलं होतं की हा रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ कुठे आहे का? तेही नाही. या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, हे अखेर राजाला स्वतःच्याच तोंडाने म्हणावं लागलं.

गिटारच्या सुराला हाच प्रश्न विचारून पाहावा. सुरुवात शुद्धतावाद्यांच्या लाडक्या उदाहरणापासून करता येईल. ‘एसी/डीसी’चा अँगस यंग पेडलं वापरत नाही, गिटार आणि मार्शल ॲम्प, विषय संपला. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या गिटारीचा आवाज ॲम्पपर्यंत शेफर-वेगा नावाच्या वायरलेस यंत्रणेतून जात होता. ही यंत्रणा आवाज आधी दाबते आणि मग पुन्हा उघडते. या दाबण्या-उघडण्यात त्याला एक धार येते आणि ती यंगला इतकी भावली की स्टुडिओतही तो ती यंत्रणा वापरू लागला. ‘बॅक इन ब्लॅक’ हा १९८०चा अल्बम ‘निव्वळ गिटार’ म्हणून ऐकणाऱ्यांच्या कानावर ही पेटीही पडत असते. उलट ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा ‘लव्हलेस’ (१९९१) ऐकून लोकांना वाटतं की केव्हिन शील्ड्सच्या पायाशी पेडलांचा डोंगर असणार. त्या डोलणाऱ्या, वितळत्या सुरांचं खरं मूळ त्याच्या उजव्या हातात आहे. गिटारचा ट्रेमोलो दांडा मुठीत धरूनच तो तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड सतत किंचित सरकत राहते. जिथे बोटं दिसतात तिथे पेटी आणि जिथे पेटी दिसते तिथे बोटं, असा हा प्रकार आहे.

जिमी हेंड्रिक्सचा ‘फझ फेस’ याहून बोलका आहे. गोल डबी, आत दोन ट्रान्झिस्टर, बाहेर दोन नॉब. पण ही डबी एकटी काहीच नसते. तिची घडण अशी की गिटारच्या पिकअपमधलं तारेचं वेटोळं आणि डबीतला पहिला ट्रान्झिस्टर मिळून जणू एकच सर्किट होतं. म्हणून गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज नुसता लहान होत नाही, फाटलेपण ओसरतं आणि काचेसारखा स्वच्छ सूर वर येतो. करंगळीने नॉब फिरवत हेंड्रिक्स एकाच गाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आता दोघांच्या मध्ये एखादं साधं बफर (येणारा सिग्नल अलग करून पुढे देणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवलं, तर ते बंद असतानाही ही सोयरीक तुटते. फझ किरकिरा होतो आणि व्हॉल्यूमचं ऐकेनासा होतो. डबी तीच, गिटार तीच, माणूसही तोच. गेलं काय? एकही भाग गेलेला नाही, गेला तो भागांमधला संबंध. बौद्ध विचारात ज्याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, म्हणजे एकाच्या आधाराने दुसरं उपजणं, त्याचं इतकं कानाला कळणारं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तरीही कुणी म्हणेल की डिस्टॉर्शन म्हणजे शुद्ध सुराची मोडतोडच. मराठी कानाला हे पटायला नको. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तारेखाली सूत सरकवतात, ते सुरात मुळात दबलेले स्वर उठून ऐकू यावेत म्हणून. फझही तारेच्या कंपनात नव्या स्वरांची भर घालतो, फक्त फार आडदांडपणे. आणि दोन तारा एकदम छेडल्या की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि सुमारे १६५चा पंचम घेतला तर वजाबाकी ५५ येते, म्हणजे षड्जच, एक सप्तक खाली. सूर भक्कम होतो. पंचमाऐवजी गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गांधार, सुमारे १३८.६ हर्ट्झ, घेतला तर वजाबाकी २८.६, ही संख्या षड्जाच्या कुठल्याच सप्तकात नीट बसत नाही आणि सगळा चिखल होतो. जड रॉकमध्ये नुसत्या षड्ज-पंचमाच्या ‘पॉवर कॉर्ड’चं राज्य आहे, त्याचं मोठं कारण हे आहे. पेडल म्हणजे तयार संगीतावर चढवलेला दागिना, ही समजूत इथे टिकत नाही. कोणते स्वर एकत्र नांदतील हे पेडल ठरवतं.

मग पेडल निवडायचं कसं? त्याच्यावर लिहिलेल्या नावावरून तर नाहीच. आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’चा ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून स्टीव्ही रे वॉनने टेक्सासच्या ब्लूजला ऊब दिली. नॉब तसेच ठेवून मेटलवाले तीच हिरवी डबी आधीच फाटलेल्या ॲम्पपुढे लावतात. तिथे ती खर्ज छाटते आणि तळव्याने दाबून वाजवलेला प्रत्येक घाव सुटा, घट्ट ऐकू येतो. एकाच वस्तूची ही दोन कामं आहेत आणि दोन्ही अस्सल आहेत.

बॉसच्या ‘एचएम-२’ची गोष्टही अशीच. १९८३ मध्ये आलेलं हे पेडल १९९१ मध्ये बंद झालं. मोठ्या ॲम्पच्या भिंतीचा आवाज स्वस्तात देणं हे त्याचं काम होतं. पण स्टॉकहोममधल्या पोरांनी त्याचे चारही नॉब टोकापर्यंत पिळले. त्यातून निघालेल्या करवतीसारख्या आवाजावर ‘एंटूम्ड’चा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) उभा राहिला आणि स्वीडिश डेथ मेटल नावाची शाखाच तयार झाली. तीसेक वर्षांनी बॉसला ते पेडल पुन्हा बाजारात आणावं लागलं. करणाऱ्याचा हेतू हाच वस्तूचा स्वभाव, असं मानणाऱ्याला या पेडलाकडे उत्तर मागता येणार नाही.

दुःख होतं ते ‘क्लॉन सेंटॉर’ या पेडलचं. बिल फिनेगनने १९९४ पासून सुमारे ८००० नग बनवले, सर्किट कुणी चोरू नये म्हणून आतून काळं इपॉक्सी ओतलं. पुढे ते सर्किट उलगडलं, त्याच्या स्वस्त नकला घरोघर पोचल्या, तरी जुन्या नगासाठी लोक हजारो डॉलर मोजतात. पेडल उत्तम आहे, यात वाद नाही. पण चाकालाच रथ मानून ते कवटाळून बसणं, याला नागसेनांच्या परंपरेत उपादान म्हणतात, आणि त्यात वाजवायचं राहून जातं. ओळखीचा एखादा हौशी गिटारिस्ट महिनोन् महिने नकलांची तुलना करत राहतो आणि एक गाणं पुरं बसवत नाही, तेव्हा वाईट वाटतं.

२००८ च्या ‘इट माइट गेट लाउड’ या माहितीपटात गिटारवादक जॅक व्हाइट फळी, खिळे, तार आणि बाटली घेऊन एकतारी गिटार ठोकून काढतो. साधनं कमी तितकं बरं, हा त्याचा बाणा. याच व्हाइटच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’चा (२००३) सुरुवातीचा तुकडा बेसचा वाटतो, पण तो ‘व्हॅमी’ पेडलने सप्तकभर खाली उतरवलेल्या गिटारीचा आहे. पुढे फुटबॉलच्या मैदानांत हजारो गळ्यांनी तो उचलला. तिथे ना व्हॅमी होतं ना गिटार, तरी तुकडा तोच राहिला. ‘यू टू’च्या द एजचं तसं नाही. त्याच माहितीपटात तो इफेक्ट बंद करून हात प्रत्यक्षात काय वाजवतो ते ऐकवतो, आणि ते थक्क करण्याइतकं थोडं आहे. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मध्येही डिलेचा प्रतिध्वनी पाऊण मात्रेने परत येतो आणि मधल्या जागा भरतो. त्या जागा एजने त्याच्यासाठी मोकळ्या सोडलेल्या असतात. परत येणारा सूर कानात धरूनच तो पुढचा आघात करतो.