मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या नातीस

कोरेगाव

चि. पोरी,


परवा फोनवर म्हणालीस, ‘आजोबा, काम सगळं येतं, पण मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. स्पीकिंगचा क्लास लावू का?’ लाव, माझी ना नाही. पण ‘महिन्यात फाडफाड इंग्रजी’चे फलक मी एसटी स्टँडवर तरुणपणापासून वाचत आलोय. तिथं शिकवतात ते बहुतेक अनोळखी माणसाशी गप्पा मारायला. ऑफिसात साहेबाला तीनच गोष्टी हव्या असतात: काम कुठवर आलं, अडलंय कुठं, आणि त्याच्याकडून तुला काय पाहिजे. एवढ्यापुरती इंग्रजी तुझ्याकडे आहे. आम्हाला ती पाचवीत भेटली. 2000 सालापासून तर राज्यातल्या मराठी शाळांत ती पहिलीलाच आली.

घात करतं ते आपलं अर्जाचं वळण. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ असं करत मुद्दा पार तळाला जायचा. तोच थाट पोरं मेलमध्ये घेऊन येतात आणि वाचणारा चौथ्या ओळीपर्यंत पोचतच नाही. तू मागणं पहिल्या ओळीत लिही, कारण मागून, आणि कधीपर्यंत हवंय ती तारीख. महिना अक्षरांत लिहायचा बरं का! 5/6 म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकेतल्या माणसाला सहा मे.

आकड्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण खरेदी विभागात माझी उमर त्यातच गेली. मराठीत एकक आधी बोलतो, दशक मागून. अठ्ठावन्न म्हणताना आठ पुढे. इंग्रजीत पन्नास पुढे. फोनवर कुणी भराभर आकडा सांगितला की आपला माणूस तो मनातल्या मनात मराठीत फिरवतो आणि 58 चे 85 लिहून मोकळा होतो. पुढे माल तेवढाच येतो! म्हणून नव्या पोरांना माझी एक शिस्त असे: आकडा ऐकला की एकेक अंक सुटा करून परत बोलून दाखवायचा. ‘फाइव्ह, एट.’ यात कमीपणा कसला? टॉवरकडून सूचना मिळाली की विमानाचे पायलटही ती तशीच परत बोलून दाखवतात. परदेशी पार्टीशी बोलताना लाख-कोटी गुंडाळून ठेव. आपले दहा लाख म्हणजे त्यांचा एक मिलियन.

आता तुझ्या गप्प बसण्याबद्दल. मोठ्यांपुढे मध्ये बोलू नये हे आम्हीच तुला शिकवलं. पण तुझा मॅनेजर त्या गप्प राहण्याचा अर्थ लावतो, की हिला सगळं समजलं, नाहीतर हिला काही म्हणायचंच नाही. दोन्ही तुझ्या तोट्याचे. समजलं नाही तर ‘कुड यू से दॅट अगेन, सर?’ हे तिथल्या तिथं विचारायचं. अर्ध्या तासानं विचारलंस तर इतका वेळ काय करत होतीस, असं होतं.

सराव घरच्या मालावर कर. आपल्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. तो कधी पेरतात, दाण्यावरचे तांबडे पट्टे कसे ओळखायचे, बाजारात भाव कसा ठरतो, हे दिल्लीच्या व्यापाऱ्याला सांगतेयस असं समजून दोन मिनिटं इंग्रजीत बोल आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. जिथं अडशील तिथं इंग्रजी कमी पडली की घेवडाच माहीत नव्हता, ते ऐकताना कळेल. पुष्कळदा घेवडाच माहीत नसतो! मग हाच प्रयोग तुझ्या प्रोजेक्टवर कर.

एक गोष्ट मात्र क्लासवाले सांगणार नाहीत. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथं झगडत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रकरण मांडलं, इंग्रजीत पुस्तिका छापल्या. जॉर्ज थॉम्प्सनसारखा पट्टीचा इंग्रज वक्ता महाराजांच्या बाजूनं बोलला. म्हणजे माहिती पक्की, भाषा तर खुद्द साहेबाची. तरी 1847 मध्ये महाराज काशीला नजरकैदेतच वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. तेव्हा मीटिंगमध्ये तुझं म्हणणं कुणी उचललं नाही, तर लगेच आपल्या इंग्रजीला बोल लावू नकोस. कधीकधी समोरच्याला ऐकायचंच नसतं. अशा वेळी म्हणणं मेलवर लिहून ठेवायचं, तारखेसकट.

घेवड्याचं रेकॉर्डिंग रविवारपर्यंत पाठव. आजीला ऐकवणार आहे. इंग्रजी तिला येत नाही, पण घेवड्यातलं तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कुठं थापा मारल्यास ते मी मराठीत सांगितलं की ती बरोबर पकडेल.

तुझे आजोबा