सांधा

शिंप्याची शिवण चांगली असली की ती दिसत नाही, आणि भरतकाम चांगले असले की ते दिसल्यावाचून राहत नाही. दोन्ही कामे सुईदोऱ्याचीच. पण एकाचे यश लपण्यात, तर दुसऱ्याचे मिरवण्यात. आपल्या वाट्याला आलेले काम शिवणीसारखे करावे की भरतकामासारखे, हा प्रश्न मला अलीकडे एका अशा धंद्यामुळे पडला, की ज्याचे नाव फराळाच्या ताटाशेजारी काढले तर घरातली वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतील. तो धंदा डीजेचा.

त्यांचेही चुकत नाही. मिरवणुकीत गाडीवर भिंतीसारखे कर्णे रचून खिडक्यांची तावदाने थरथरवायची, यालाच आपण डीजे म्हणतो. मला तो प्रकार अभिप्रेत नाही. मूळचा डीजे म्हणजे नृत्यगृहाच्या कोपऱ्यात उभा राहून रात्रभर एकामागून एक तबकड्या लावणारा माणूस. तो गात नाही, वाजवत नाही. गाणी दुसऱ्यांची, नाच तिसऱ्यांचा. याचा काय तो मधला सांधा.

हा सांधा कलेच्या पदवीला नेणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस ग्रासोचे नाव अग्रभागी घेतात. 1970च्या आगेमागे तो एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या नृत्यगृहात तबकड्या लावी. त्याची यंत्रे ठेवलेली होती ती पूर्वीच्या वेदीच्या जागी! एक गाणे चालू असताना दुसरे तो स्वतःच्या कानाशी ऐके, दुसरी तबकडी बोटाने धरून ठेवी, खालची थाळी तशीच फिरू देई आणि नेमक्या ठोक्याला बोट सोडी. नाचणाऱ्याचे पाऊल उचललेले असे पहिल्या गाण्यात आणि पडे दुसऱ्यात.

आपल्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. या संगीतात चार चार ठोक्यांचे आठ गट मिळून 32 ठोक्यांचा एक खंड पडतो. म्हणजे आपल्या त्रितालाची दोन आवर्तनेच. मिनिटाला 120 ठोक्यांची लय असली तर असा खंड 16 सेकंदांत संपतो. नवे गाणे आणायचे ते खंडाच्या आरंभी, समेवर. दोन्ही गाण्यांचे खर्जातले आवाज एकत्र आले तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवायचा. हे सारे ज्या पेटीवर करायचे तिला मिक्सर म्हणतात. (आमच्या घरी या शब्दाने फक्त चटणी आठवते.) ही झाली साधी रीत. तबल्याच्या साथीला बसणारा हा धर्म जाणतो.

पण साध्या रीतीवर आता एक संकट आले आहे. 1979 साली निघालेल्या टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके-2 या नामांकित यंत्रावर एक सरकपट्टी होती. तिने तबकडीचा वेग शेकडा आठपर्यंत कमीजास्त करता येई. कान मात्र माणसाचाच लागे. आज संगणक एक कळ दाबताच दोन गाण्यांची लय जुळवून देतो. माझा एक जुना विद्यार्थी लग्नसमारंभांत आणि हॉटेलांत हे काम करतो. परवा तो म्हणाला, "सर, साधं वाजवलं तर मालक म्हणतो, मग तुझी गरज काय, यंत्रच लावतो. आणि शेजारचा एक जण दर दहा सेकंदांनी गाणं तोडतो, खरवडतो, हात वर करून उड्या मारतो, त्याला दुप्पट बिदागी. मी काय करू?"

प्रश्न त्याच्या पोटाचा होता. त्याला मी ग्रँडमास्टर फ्लॅशची हकीकत सांगितली. ब्रॉन्क्समधला हा तरुण विजेच्या उपकरणांचे शिक्षण घेतलेला, बुद्धीने विलक्षण. तबकडीवर रंगीत खडूने खुणा करून, किती वेढे मागे फिरवले की तोच तुकडा पुन्हा मिळतो याचा त्याने हिशेब बसवला, आणि दोन तबकड्यांवरून एकच तुकडा अखंड वाजवून दाखवला. तोवर असे बिनचूक कोणी केले नव्हते. पण पहिल्यांदा तो लोकांपुढे हे करू लागला तेव्हा नाचणारे नाचायचेच थांबले आणि नुसते बघत उभे राहिले. त्या दिवशी आपल्याला रडू कोसळले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. मग त्याने आपल्या तबकड्यांच्या जोडीला बोलणारे, लोकांना हाक घालणारे साथीदार घेतले, तेव्हा कुठे पाय पुन्हा हलू लागले.

यावरून कसब वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मला मान्य नाही. फ्लॅशच्या आधी त्याच ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क होता, मूळचा जमैकाचा. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत त्याच्या बहिणीने शाळा सुरू होण्याच्या निमित्ताने समारंभ केला आणि तबकड्या लावायला हा बसला. हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात गायक थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा आला की काही मुले पुढे सरसावतात. बाकी वेळ ती त्या तुकड्याची वाट पाहत उभी असतात. मग ते तुकडेच त्याने एकापुढे एक लावले, आणि पुढे एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन तोच तुकडा लांबवला. फ्लॅशच्या मानाने त्याचा हात ओबडधोबड, सांधे उघडे. तरी मुले नाचली आणि त्यातून एक नवे संगीत जन्माला आले. हर्कने केले ते भरतकामच. पण कापड कुणाच्या अंगावर जायचे आहे हे पाहून केले.

आता दुसरे टोक. डेव्हिड मॅन्कूसोने 14 फेब्रुवारी 1970 रोजी न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या जागेत मित्रमंडळींसाठी नृत्यसभा भरवली आणि पुढे कित्येक वर्षे त्या चालवल्या. तो स्वतःला डीजे म्हणवून घेत नसे. पहिल्या काळात तोही गाणी जोडी. पण 1980 नंतर त्याने मिक्सर काढूनच टाकला. कलावंताने जे मुद्रित केले ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, त्याच वेगात लोकांनी ऐकावे. मध्ये आपण कोण? गाणे संपे, खोली शांत होई, लोक टाळ्या वाजवीत, मग पुढचे गाणे. शिवण नाही आणि भरतकामही नाही!

ही निष्ठा थोर आहे, पण तिच्यात थोडा हट्टही आहे असे मला वाटते. सगळेच मॅन्कूसो असते तर हर्कची मुले अजून भिंतीशी उभी असती. शिवाय त्याचेही काम केवळ नम्रतेचे नव्हते. कोणत्या गाण्यानंतर कोणते, हे तोच ठरवी आणि त्यावर रात्र उभी राही किंवा कोसळे. संगणकाने आमच्या विद्यार्थ्याचे जे हिरावले ते मोजणे. निवडणे आणि थांबणे अजून त्याच्याकडेच आहे. समोरच्या घोळक्यात एखादी आजी नातवाचा हात धरून नुकती कुठे ठेका धरू लागली आहे, म्हणून हे गाणे आणखी एक खंड चालू द्यावे, हे कळीला कळत नाही. दर दहा सेकंदांनी गाणे तोडणाऱ्या त्या शेजाऱ्यालाही ते कळत नाही, कारण त्याची नजर स्वतःच्या बोटांवर असते.

मी हे इतक्या आवेशाने लिहितो याचे कारण मास्तरकी हाही सांध्याचाच धंदा आहे. कविता कवीची, वय मुलांचे. वर्गात कविता नुसती नीट वाचून दाखवली तर तपासणीला आलेले साहेब विचारतात, तुम्ही शिकवले काय? आणि अभिनय करून, विनोद पेरून शिकवली तर मुले खूष होतात, वर्षांनी भेटली की म्हणतात, "सर, तुम्ही काय शिकवायचात!" कविता कोणती, हे त्यांना आठवत नसते. ते ऐकून मला आनंद होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाव व्हावे असे कोणाला वाटत नाही? ज्याचे काम उत्तम झाले की दिसतच नाही, त्याने ते जन्मभर उत्तम करीत राहायचे कशाच्या बळावर, हे मला पुस्तकात कुठे सापडले नाही. घरातल्या बायका ते रोज करतात, आणि आपण त्याला कलाही म्हणत नाही.

विद्यार्थ्याला मी मॅन्कूसोची ती शांतताही वर्णन करून सांगितली. त्याने सगळे मन लावून ऐकले आणि मग हसत म्हणाला, "सर, आमच्याकडे दोन सेकंद आवाज थांबला ना, तर लोकांना वाटतं लाइट गेली."