शंका, आरोप आणि जबाबदारी : 'एल. ए. न्वार'चा खेळाडू

१

रहस्यकथेच्या वाचकावर निवाड्याची जबाबदारी नसते. तो संशय घेतो, तर्क लढवतो, बहुधा चुकतो. परंतु त्याच्या चुकीमुळे कथेतील कोणीही तुरुंगात जात नाही. आरोप ठेवण्याचा अधिकार लेखकाने निर्माण केलेल्या गुप्तहेराकडे असतो आणि त्या अधिकाराच्या वापराचे भलेबुरे परिणाम संहितेच्या आत आधीच लिहिलेले असतात. व्हिडिओ गेममध्ये ही व्यवस्था बदलते. वाचकाच्या जागी खेळाडू येतो आणि आरोप कोणावर ठेवायचा हे त्याला ठरवावे लागते. असा आरोप निर्दोष व्यक्तीवर ठेवला गेला, तर त्या कृतीचे नैतिक स्वरूप काय? तो खेळाडूचा दोष, कथानायकाचा दोष, की संहितेने अगोदरच आखून ठेवलेली आणि म्हणून कोणाचाच दोष नसलेली घटना?

प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटण्याचा संभव आहे. पडद्यावरील आरोपीला शिक्षा झाल्याने जगात कोणाचेही नुकसान होत नाही, एवढे उत्तर अनेकांना पुरेसे वाटेल. परंतु साहित्यविचार या उत्तरावर कधीच थांबलेला नाही. शोकात्मिकेतील करुणा आणि भय कल्पित व्यक्तींविषयी असले, तरी ती भावना कल्पित नसते, हे ॲरिस्टॉटलपासून गृहीत धरले गेले आहे. जे भावनेच्या बाबतीत खरे, ते निर्णयाच्या बाबतीतही खरे आहे का, हा येथील मूळ प्रश्न होय. त्याचा विचार करण्यास 'एल. ए. न्वार' हा २०११ साली प्रसिद्ध झालेला गेम विशेष उपयुक्त ठरतो.

सिडनी येथील टीम बाँडी या संस्थेने घडवलेला आणि रॉकस्टार गेम्सने प्रकाशित केलेला हा गेम १९४७ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. ओकिनावाच्या लढाईतून शौर्यपदक घेऊन परतलेला कोल फेल्प्स हा त्याचा नायक. गणवेशातील शिपायापासून सुरुवात करून तो वाहतूक, खून, अनैतिक व्यवहार आणि जाळपोळ या विभागांत तपास अधिकारी म्हणून काम करतो. ट्रायबेका चित्रपट महोत्सवाने अधिकृतपणे निवडलेला हा पहिला व्हिडिओ गेम होय. ही निवड अस्थानी नव्हती, कारण या गेमचे नाते ज्या परंपरेशी आहे ती चित्रपटाची आहे. खेळाडूची इच्छा असल्यास संपूर्ण गेम कृष्णधवल रंगातही खेळता येतो.

२

'न्वार' या संज्ञेचा अर्थ 'काळा'. १९४६ साली फ्रान्समध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने काही अमेरिकन गुन्हेपटांसाठी तिचा वापर केला आणि पुढे ती रूढ झाली. या चित्रपटांचा काळेपणा केवळ प्रकाशयोजनेत नाही. बिली वाइल्डरच्या 'डबल इंडेम्निटी'मध्ये (१९४४) विमा कंपनीचा विक्रेता वॉल्टर नेफ आरंभीच ध्वनिमुद्रण यंत्रासमोर आपला कबुलीजबाब देऊ लागतो. खून कोणी केला, हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच समजते. उरते ते केवळ त्या अटळ शेवटापर्यंतचा प्रवास पाहणे. न्वारमध्ये ज्ञान येते ते उशिरा, आणि येते तेव्हा ते कोणालाही वाचवू शकत नाही.

त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ सालच्या आपल्या निबंधात गुप्तहेरकथेत दोन कथा असतात असे दाखवले आहे : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. अभिजात रहस्यकथेत तपासाच्या कथेतील माणसे सुरक्षित असतात; गुप्तहेराला धक्का लागत नाही. न्वारच्या जवळ जाणाऱ्या प्रकारात मात्र हे अभय नाहीसे होते आणि शोधणारा स्वतःच संकटात सापडतो. गेमच्या संदर्भात या विभागणीला तिसऱ्या कथेची जोड द्यावी लागते, ती म्हणजे खेळाडूच्या निर्णयांची कथा. 'एल. ए. न्वार'चे वैशिष्ट्य असे की, या तिसऱ्या कथेतील अभयही तो काही काळ काढून घेतो. हे कसे घडते ते पाहण्यासाठी प्रथम त्याची तपासपद्धती समजून घेतली पाहिजे.

घटनास्थळी पुरावे शोधणे आणि साक्षीदारांची व संशयितांची चौकशी करणे, ही या गेममधील दोन प्रमुख कामे. चौकशीत प्रत्येक उत्तरानंतर खेळाडूपुढे तीन पर्याय येतात : सत्य, शंका आणि असत्य. समोरचा खोटे बोलतो आहे असे म्हणायचे, तर वहीत नोंदवलेला पुरावाही दाखवावा लागतो. उरलेल्या दोन पर्यायांत आधार असतो तो मुख्यतः चेहऱ्याचा. त्यासाठी नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपण्याचे तंत्र वापरले गेले. नजर चुकवणे, आवंढा गिळणे, ओठ मुडपणे या सर्वांना येथे चिन्हांचे मूल्य आहे. योग्य पर्याय निवडला तर एक सूर वाजतो, अयोग्य निवडला तर दुसरा. प्रकरण संपल्यावर कामगिरीनुसार तारे मिळतात.

या पद्धतीमागे एक ज्ञानमीमांसात्मक गृहीतक आहे. चेहरा ही एक संहिता असून तिचे एकच योग्य वाचन असते, ते वाचन शिकता येते आणि त्याच्या बरोबर असण्याची हमी तत्काळ मिळते, हे ते गृहीतक. गेममध्ये ते खरे आहे, कारण तेथील नटाला कोणत्या वाक्यावर खोटे दिसायचे हे ठाऊक आहे. जगात ते खरे नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ साली या विषयावरील असंख्य प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही विशेष साधनाविना खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा यशस्वी होतात असे दिसले. नाणे उडवून मिळणाऱ्या यशाहून हे फारसे अधिक नाही. पोलिस चौकशीत चेहऱ्यावरील घाबरेपणाचा अर्थ अपराध असा लावला जातो, तेव्हा हे चार टक्के किती जणांच्या आयुष्याशी निगडित असतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

३

गेमने एवढेच केले असते, तर खात्रीचे सुख विकणारी एक करमणूक म्हणून त्याचा विचार संपला असता. परंतु खून विभागातील प्रकरणांत तो स्वतःच उभारलेल्या या खात्रीला सुरुंग लावतो. जानेवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ शॉर्ट या तरुणीचा अमानुष खून झाला. 'ब्लॅक डालिया' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या त्या खुनाचा उलगडा आजतागायत झालेला नाही. गेममधील खुनांवर या घटनेची सावली आहे. प्रत्येक प्रकरणात खेळाडूला एक संशयित सापडतो, त्याच्याविरुद्ध पुरावा सापडतो, आणि तरीही काहीतरी जुळत नाही, अशी जाणीव मागे उरते.

'गोल्डन बटरफ्लाय' या प्रकरणात ही जाणीव टोकाला जाते. डियर्ड्री मोलर या विवाहित स्त्रीचा खून झाला आहे. संशयित दोन : तिचा पती ह्यूगो मोलर आणि लहान मुलांवरील अत्याचाराबद्दल पूर्वी शिक्षा भोगलेला ईलाय रूनी. दोघांविरुद्धही पुरावा आहे. कॅप्टन डॉनेली यांची पसंती उघड आहे. रूनीसारखा माणूस रस्त्यावर नको, असे त्यांना वाटते. रूनीवर आरोप ठेवला तर शाबासकी मिळते, पतीवर ठेवला तर खरडपट्टी. दोघांपैकी कोणावरही आरोप ठेवू नये, हा पर्याय उपलब्ध नाही. कोणावर तरी आरोप ठेवल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. नंतर उघड होते की हे सर्व खून गॅरेट मेसन या तिऱ्हाइताने केलेले आहेत. तो मारला जातो, पण एका वजनदार राजकारण्याशी त्याचे नाते असल्यामुळे प्रकरण दडपले जाते. डांबलेल्या निरपराधांची गाजावाजा न करता सुटका होणार असते. खेळाडूला त्या प्रकरणांत मिळालेले तारे मात्र परत घेतले जात नाहीत.

येथे बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ साली मांडलेली एक कल्पना साहाय्यक ठरते. स्वतःची कोणतीही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली एखादे मूल सापडते, त्या चालकाचे दुःख हे बाजूला उभ्या असलेल्या साक्षीदाराच्या दुःखाहून वेगळे असते. लोक त्याचे सांत्वन करतात आणि ते योग्यच असते. पण तो फार लवकर सावरला, तर त्याच्याविषयी काहीसा संशय वाटतो. अपराध नसतानाही कर्त्याला होणाऱ्या या खेदाला 'कर्तृखेद' म्हणता येईल. फेल्प्सच्या चरित्रात हा विषय थेट आलेला आहे. ओकिनावामध्ये त्याने एका गुहेवर ज्वालास्त्र सोडण्याचा हुकूम दिला, आणि गुहेत सामान्य नागरिक होते हे हुकूम सुटल्यानंतर समजले. हा प्रसंग खेळाडू खेळत नाही, तो पाहतो. त्याच्या हाती दिलेला आहे तो रूनी किंवा मोलर.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खेळाडूला दुसरा मार्गच नव्हता. जेथे पर्याय नाही तेथे जबाबदारी नाही. दुसरा असा की, रूनी अस्तित्वातच नाही; ज्याचे नुकसान झाले असा कोणी नसताना खेद कशाचा? पहिला आक्षेप आरोपाच्या कृतीपुरता मान्य करावाच लागेल. निर्दोष माणूस आत जाणार, हे गेमने ठरवले होते. परंतु कोणता निर्दोष, आणि कोणत्या कारणासाठी, हे त्याने ठरवले नव्हते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. आरोपी कल्पित आहे, आरोप कल्पित आहे. पण ज्या विश्वासाच्या बळावर आरोप ठेवला गेला, तो विश्वास कल्पित नाही. रूनीचा पूर्वेतिहास वाचून खेळाडूच्या मनात जी घृणा उत्पन्न झाली, ती खरी घृणा होती. 'असा माणूस हे करणारच' हे अनुमान खऱ्या मनाने केलेले खरे अनुमान होते आणि ते चुकीचे होते. खेद असावा तो या अनुमानाचा.

म्हणूनच हाच निर्णय घेणाऱ्या दोन खेळाडूंना एकाच मापाने मोजता येत नाही. एकाने पुरावा तपासून, मन साशंक ठेवून, नाइलाजाने एकाची निवड केली. दुसऱ्याने वरिष्ठांची मर्जी आणि ताऱ्यांची संख्या पाहून ती केली. दोघांनीही निर्दोषावरच आरोप ठेवला. परिणाम समान, परंतु कर्म समान नाही. परिणामाकडे पाहणारा गेम हा भेद नोंदवू शकत नाही. उलट, दुसऱ्या खेळाडूला तो अधिक तारे देतो. हा भेद राखण्याचे काम गेमच्या बाहेर, खेळाडूच्या विवेकात होते, किंवा होत नाही.

४

या विवेचनाच्या प्रकाशात पर्यायांच्या नावांकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. २०११ च्या आवृत्तीत 'शंका' हा पर्याय निवडताच फेल्प्स अनेकदा साक्षीदारावर अनपेक्षितपणे तुटून पडतो. खेळाडूच्या मनात असते ती साधी अनिश्चितता, आणि पडद्यावर येते ती धमकी. अनेकांना हा लेखनातील दोष वाटला. पण शब्द आणि कृती यांतील ही फट अर्थपूर्ण आहे. शंका ही वस्तुतः निवाडा लांबणीवर टाकण्याची मनोवस्था होय. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची शंका मात्र मनात राहत नाही. ती समोरच्या माणसावर जाऊन आदळते आणि त्याच्या दृष्टीने आरोपाहून वेगळी उरत नाही.

२०१७ साली गेमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ही तीन नावे बदलण्यात आली. 'सत्य, शंका, असत्य' यांच्या जागी 'चांगला पोलिस, वाईट पोलिस, आरोप' अशा अर्थाची नावे आली. हेतू व्यावहारिक होता : बटण दाबल्यावर काय होणार याची खेळाडूला कल्पना यावी. परंतु या बदलाने गेमचे तत्त्वज्ञानच बदलले. जुनी नावे समोरच्याच्या विधानाविषयी काहीतरी सांगत होती. नवी नावे विचारणाऱ्याच्या वर्तनाविषयी सांगतात. जुन्या नावांत खेळाडू स्वतःला ज्ञाता समजू शकत होता; नव्या नावांत तो उघडपणे कर्ता आहे. निवाडा म्हणजे वाचन नव्हे, ती दुसऱ्या माणसाच्या बाबतीत केलेली कृती आहे, हे नव्या आवृत्तीने नकळत मान्य केले आहे.

या प्रामाणिकपणाची किंमतही आहे. 'शंका' हा शब्द यादीतून गेला, आणि आपल्याला ठाऊक नाही असे म्हणण्याच्या जवळपास जाणारा एकमेव शब्द त्याच्याबरोबर गेला. तसे म्हणण्याची खरी सोय तर या गेममध्ये कधीच नव्हती. मोलर आणि रूनी यांच्यासमोर उभ्या असलेल्या खेळाडूला ज्या पर्यायाची गरज होती, तो कोणत्याही आवृत्तीत नाही. गेमला पुढे जायचे असते, खात्याला प्रकरण मिटवायचे असते, वरिष्ठांना नाव हवे असते. या तिन्ही गरजांना सत्याशी कर्तव्य नाही, आणि तरीही त्या सत्याच्याच नावाने बोलतात. ईलाय रूनीच्या प्रकरणात पाच तारे मिळवणाऱ्या खेळाडूने एवढे ओळखले, तर तो आरोप ठेवल्याचा दोष त्याच्याकडे राहणार नाही. ते तारे पाहून समाधान वाटल्याचा दोष मात्र त्याचाच राहील.