विटेवरचा देव आणि रांगेतला भक्त

संतसज्जनहो, शास्त्रकारांनी धर्माचे दोन भाग सांगितले आहेत. एक सामान्य धर्म आणि दुसरा विशेष धर्म. खरे बोलावे, कोणाला दुखवू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, स्वच्छ राहावे, हा सामान्य धर्म. माणूस म्हणून जन्माला आलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे. विशेष धर्म ज्याच्या त्याच्या मार्गाचा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, एकादशीचे व्रत, आषाढी-कार्तिकीची वारी, हा आपला वारकऱ्यांचा विशेष धर्म. पण अलीकडे पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते की, विशेष धर्म नीट सांभाळला म्हणजे सामान्य धर्मात थोडीबहुत सूट मिळते. वारीला निघालो आहोत ना, मग एवढे तेवढे चालायचेच! आमचे म्हणणे असे की, ते मुळीच चालायचे नाही. पाया काढून घेतला तर कळस कशावर चढवणार?

या सामान्य धर्मात एक शब्द आहे, अस्तेय. स्तेन म्हणजे चोर, स्तेय म्हणजे चोरी आणि चोरी न करणे ते अस्तेय. योगशास्त्राने सांगितलेल्या पाच यमांत त्याचा नंबर तिसरा. आता हा शब्द ऐकला की प्रत्येक जण मनात म्हणतो, आपला काय संबंध? आपण कोणाचा खिसा कापला नाही, कोणाच्या घरात शिरलो नाही. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी चोराची व्याख्या फार विस्तृत केली आहे. जे मिळाले त्यातला दुसऱ्याचा वाटा न देता जो एकटाच भोगतो, तोही त्यांच्या लेखी चोरच. या व्याख्येने पाहिले तर चोरी फक्त पैशाची नसते. जागेची असते, वेळेची असते आणि श्रमाचीही असते. या चोऱ्या आपण कपाळी गोपीचंदन लावून, तोंडाने हरिनाम घेत करतो. आज त्यांचाच विचार करायचा आहे.

पहिली चोरी जागेची. ती पाहायची तर आमच्या कुर्डुवाडीच्या स्थानकावर यावे. कुर्डुवाडी म्हणजे पंढरीच्या आगगाडीच्या वाटेवरचे मोठे जंक्शन. मुंबई-पुण्याकडचा आणि सोलापूरकडचा वारकरी इथे उतरून पंढरपूरची गाडी धरतो. लातूर, धाराशिव, बार्शीकडचा वारकरी इथूनच पुढे जातो. जुन्या लोकांना बार्शी लाइटची ती लहान गाडी आठवत असेल. १८९७ साली ती इथून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरला पोहोचली, पुढे लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारच्या ताब्यात आली. तिच्या रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. डबा एवढासा आणि वारकरी अपार. अंग चोरून बसल्याशिवाय तिथे दुसऱ्याला जागाच होत नसे. या शतकात ते रूळ गेले आणि साडेपाच फुटांचे आले. रूळ रुंद झाले, डबे रुंद झाले. मन रुंद झाले का, हा प्रश्न आहे.

गाडी फलाटाला लागण्याच्या आधीच खिडकीतून हातरुमाल आत पडतो, टोपी पडते, पिशवी पडते. एका रुमालाने चार जणांची जागा धरली जाते. बाकावर टाळ-मृदंग बसतात, गाठोडे बसते आणि डोक्यावर तुळस घेतलेली सत्तर वर्षांची म्हातारी दाराशी उभी असते. ती विचारते, "माउली, जागा आहे का हो?" आतून उत्तर येते, "धरलेली आहे, माउली." काय हा शब्दाचा अपमान! माउली म्हणजे आई. तोंडाने आई म्हणायचे आणि आईला उभे ठेवायचे! तो रुमाल कोणासाठी आहे असे विचारावे, तर ती मंडळी अजून चहाच्या गाड्यावर उभी असतात. जी आली तिला जागा नाही आणि जो आला नाही त्याला जागा आहे, हा कुठला न्याय?

याच डब्यात तिकिटाचाही प्रश्न निघतो. काही जण हसत म्हणतात, "पांडुरंगाकडे चाललोय, तिकीट कशाला?" अहो, गाडी काही पांडुरंगाने घातलेली नाही. ती सर्वांच्या पैशाने चालते. ज्या मजुराने रोजगार बुडवून तिकीट काढले, त्याच्या पैशावर आपण फुकट बसतो. सापडलो तर भाड्याखेरीज किमान २५० रुपये भरावे लागतात, ही गोष्ट निराळी. न सापडता पंढरीला पोहोचलो, तर देवापुढे हात जोडताना ते हात कोणाचे देणे घेऊन आले आहेत, याचा हिशेब कोण ठेवणार?

दुसरी चोरी वेळेची. ही जागेच्या चोरीपेक्षा सूक्ष्म आहे, कारण वेळ डोळ्यांना दिसत नाही. आपले गाव रुळाच्या कडेला आहे म्हणून कोणी मधेच गाडीची साखळी ओढतो. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याने विनाकारण साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु दंडाचे राहू द्या. ओढणाऱ्याची अर्ध्या कोसाची पायपीट वाचली आणि हजार माणसे खोळंबली. त्यांत कोणी दवाखान्यात निघालेला असेल, कोणी परीक्षेला.

आता याच चोरीचे प्रतिष्ठित रूप पाहू. ते पंढरपुरात दिसते आणि त्याला चिठ्ठी म्हणतात. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. माणसे तिथे रात्री काढतात. आणि कोणी पुढाऱ्याची, कोणी साहेबाची चिठ्ठी घेऊन बाजूच्या दाराने आत जातो. म्हणतो, "एक मिनिट तर लागणार, कोणाचे काय बिघडले?" आपण त्याचा हिशेब करू. मागे दहा हजार माणसे उभी असली आणि त्याने एक मिनिट घेतले, तर प्रत्येकाचे एक याप्रमाणे दहा हजार मिनिटे गेली. म्हणजे जवळजवळ सात दिवस. एका माणसाने एका चिठ्ठीवर लोकांच्या आयुष्यातले सात दिवस उचलले, आणि बाहेर येऊन तो म्हणतो, दर्शन फार छान झाले!

सज्जनहो, मंदिरातल्या वंशपरंपरागत हक्कांविषयी आपल्या संप्रदायाने किती वर्षे तक्रार केली! १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, १९८५ पासून शासनाने नेमलेली समिती कारभार पाहू लागली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कांचा वाद कायमचा मिटवला. देव सर्वांचा, हे न्यायालयानेही मान्य केले. मग आता चिठ्ठी घेऊन पुढे घुसणारा काय सांगतो आहे? देव सर्वांचा, पण आधी माझा! जो हक्क दुसऱ्याच्या हातून सोडवला, तोच आपण खिशात घालून फिरलो, तर एवढी वर्षे भांडलो ते कशासाठी?

पुढाऱ्यांनाही आमचे हात जोडून सांगणे आहे. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री शासनाच्या वतीने महापूजा करतात आणि त्यांच्या शेजारी रांगेतले एक वारकरी दांपत्य पूजेला बसते. त्याला मानाचे वारकरी म्हणतात. या रीतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्या दांपत्याला तो मान कोणाच्या ओळखीने मिळत नाही. रांगेत उभे राहिले म्हणून मिळतो. मान रांगेतून येतो, रांग मोडून येत नाही. ज्या पुढाऱ्याला लोकांत मान हवा असेल त्याने एकदा तरी पत्राशेडमध्ये उभे राहून पाहावे. भाषणे कमी करावी लागतील.

इथे कोणी पूर्वपक्ष करील की, "महाराज, देव भावाचा भुकेला. दर्शनाची तळमळ लागली की माणूस धक्काबुक्की करणारच. त्यात पाप कसले?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर त्या देवाच्या मूर्तीतच आहे. पंढरीचा देव उभा का? पुंडलीक आईबापांच्या सेवेत होता. देव दाराशी आला तेव्हा त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. वैकुंठीचा राणा थांबला. माझी ओळख पाहा, माझी चिठ्ठी पाहा, असे तो म्हणाला नाही. एका माणसाचे काम पुरे होईपर्यंत तो विटेवर उभा राहिला आणि अजून उभा आहे. वाट पाहणारा देव दुसरीकडे कुठे पाहिला आहे? आणखी एक पाहा. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो, प्रक्षाळपूजेपर्यंत त्याला शेजेचे सुख नाही. भक्तासाठी देवाने झोप सोडली आणि भक्ताला आपली पाळी येईपर्यंत दम धरवत नाही! वाट पाहणाऱ्या देवाला जो धक्के देत भेटायला जातो, त्याला मूर्ती दिसेल, देव दिसेल की नाही याची शंका आहे.

आमच्या कीर्तनकार मंडळींनीही यातला बोध घ्यावा. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, असा नियम २००० सालापासून आहे. शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर तो सर्वांना लागू. तरी आमची कीर्तने रंगतात आणि कर्णे ओरडत राहतात. पलीकडच्या घरात कोणी आजारी असतो, कोणाची दहावीची परीक्षा असते. त्यांची झोप आपण घेतली तर तीही चोरीच, मग निरूपण कितीही गोड असो. टाळ-मृदंगाला आणि गळ्याला वीज लागत नाही. दहानंतर कर्णा बंद करूनही कीर्तन होते, आणि ज्याला ऐकायचे तो जवळ येऊन बसतो.

तिसरी चोरी श्रमाची, आणि ती सर्वांत जड आहे. वाळवंटात आपण जे टाकून येतो ते कोण उचलतो? पत्रावळी, प्लास्टिक आणि जे बोलायला लाज वाटते तेही. मैला माणसाच्या हातांनी उचलवू नये, असे कायदे संसदेने १९९३ आणि २०१३ साली केले. तरी पंढरीच्या यात्रेत तेच घडते, म्हणून प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१४ पासून न्यायालयाने शौचालयांविषयी आणि नदीपात्रातल्या मुक्कामांविषयी कडक आदेश दिले. पासष्ट एकरांची जागा दिंड्यांच्या मुक्कामाला मिळाली, पालखीच्या वाटेवर फिरती शौचालये आली. ही चांगली गोष्ट झाली. पण ती न्यायालयाला सांगावी लागली, याचे आपल्याला काहीच वाटू नये काय?

महाद्वारी नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. तिच्यावर आपण डोके टेकवतो. हरिजनांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले. ते दार उघडून आत आलेल्या भावाच्या हाती आपण आपली घाण उचलायला दिली, तर चोखोबांच्या समाधीवरचे आपले डोके त्यांनी स्वीकारावे कसे? पाया पडणे सोपे आहे. त्याच्यावर आपले ओझे न टाकणे, ही खरी पूजा.

कोणी म्हणेल, गर्दी एवढी की शिस्त राहणारच कशी? हे मात्र वारकऱ्याने म्हणू नये. हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीने माउलींचा सोहळा आळंदीहून निघतो. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. पाऊस येवो, चिखल होवो, मागची दिंडी पुढे घुसत नाही. संध्याकाळी तळावर चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात आणि मग समाज आरती होते. एका गरीब दिंडीची तक्रार ऐकल्याशिवाय लाखोंची आरती अडून राहते, असा लोकव्यवहार दुसऱ्या कोणत्या सभेत आहे? ही शिस्त आपलीच आहे. ती पालखीच्या वाटेवर चालते, तर फलाटावर, रांगेत आणि वाळवंटात का चालू नये? तिथे चोपदार नसतो म्हणून? चोपदार मनात असावा, यासाठीच तर माळ घातली.

आणि कोणाला भीती वाटत असेल की थांबलो तर देव चुकेल, त्याने आमच्या माढे तालुक्यातले अरण आठवावे. सावतोबा आपला मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. भाजीला पाणी देण्याचे काम त्यांनी नीट केले. त्यांना देव चुकला काय? उलट आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. आपला वाटा नीट उचलणाऱ्याकडे देव चालत येतो. २०२० आणि २०२१ साली महामारीत पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या गाडीतून गेल्या आणि वारकऱ्याने घरूनच दंडवत घातला. दुसऱ्याच्या जिवासाठी तो थांबला, ती वारीही पांडुरंगाला पावलीच.

म्हणून येत्या वारीला निघताना नेमात चार गोष्टी वाढवाव्यात. तिकीट काढावे. बसायला जागा मिळाली तर उभ्या असलेल्यांत आपल्याहून थकलेले कोण आहे ते आधी पाहावे. कोणी चिठ्ठी देऊ केली तर नमस्कार करून परत द्यावी. आणि वाळवंटातून निघताना जिथे बसलो ती जागा मागे वळून पाहावी. एवढे करून मुखदर्शन झाले, कळसदर्शन झाले, तरी वारी पुरी झाली असे समजावे. पांडुरंग घाईत नाही. तो विटेवर उभा आहे आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचीही वाट पाहतो आहे.

रामकृष्णहरि.