कुटुंबावरील भार : एका विचाराची वाटचाल

घरातील एखादी व्यक्ती दीर्घकाळ अंथरुणाला खिळली, मनाने आजारी झाली किंवा वार्धक्यामुळे परावलंबी झाली, की बदल केवळ तिच्यात होत नाही, तर तिच्याभोवतीची माणसेही बदलत जातात. आणि हा दुसरा बदल सावकाश, नकळत घडत असल्यामुळे त्याचे कारण बहुधा त्या माणसांच्या स्वभावात शोधले जाते. सेवा करणारा तो गुणी आणि कंटाळणारा तो कृतघ्न, ही विभागणी समाजमनात खोल रुजलेली आहे. तिच्या पलीकडे जाऊन, परावलंबनामुळे कुटुंबावर पडणारा भार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हा विचार विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने घडला.

शास्त्रापूर्वी साहित्याने हा विषय हाताळला होता. फ्रान्झ काफ्काने १९१२ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेटामॉर्फॉसिस’ या दीर्घकथेत, घराचा एकमेव कमावता मुलगा ग्रेगोर एका सकाळी कीटक होऊन जागा होतो. परंतु कथेचा खरा विषय त्याच्या घरच्यांचे पालटणे हा आहे. प्रारंभी त्याची धाकटी बहीण दुधात पाव कुस्करून ठेवते आणि तो त्याला शिवला नाही हे पाहून, त्याला काय रुचते ते कळावे म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर तऱ्हतऱ्हेचे पदार्थ मांडते. काही महिन्यांनी, दुकानातील नोकरीवर जाण्याच्या घाईत, तीच बहीण हाताला येईल ते खाणे पायाने खोलीत सारते, आणि अखेरीस त्याला घरातून घालवलेच पाहिजे असे प्रथम बोलून दाखवणारीही तीच ठरते. पहिल्या दिवशी बोलावणे धाडलेला डॉक्टर त्या खोलीपर्यंत कधी पोचत नाही आणि घराची लाज म्हणून सारा प्रकार दडवला जातो. काफ्का १९०८ पासून प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे कमावता माणूस जायबंदी झाल्यावर काय ओढवते हा प्रश्न त्याच्या दैनंदिन कामाशी जोडलेला होता. बहिणीची माया मुळात खोटी नव्हती. थकवा, पैशाची चणचण आणि एकाकीपणा यांनी ती झिजत गेली, हे या कथेतून स्पष्ट होते.

वैद्यकशास्त्राची वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने सुरू झाली. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी, मुलाच्या स्किझोफ्रेनियाला आईचे वागणे कारणीभूत असते, अशी कल्पना मांडली आणि ती पुढे बराच काळ प्रभावी राहिली. पुढे नवी औषधे आली, मनोरुग्णालयांतील रुग्ण घरी परतू लागले, तेव्हा दोषी मानलेल्या याच कुटुंबावर शुश्रूषेची जबाबदारी येऊन पडली. इंग्लंडमध्ये जॅकलिन ग्रॅड आणि पीटर सेन्सबरी यांनी १९६३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर १९६६ मध्ये होनिग आणि हॅमिल्टन यांनी भाराचे दोन प्रकार केले : खर्च, बुडालेला रोजगार, मोडलेली झोप यांसारखा बाहेरून दिसणारा तो वस्तुनिष्ठ भार, आणि तो वाहणाऱ्याला प्रत्यक्षात जाणवणारा तो व्यक्तिनिष्ठ भार. हे दोन्ही नेहमी समप्रमाणात नसतात, त्यामुळे तेवढेच काम एका घराला पेलते आणि दुसऱ्याला चिरडून टाकते.

हे का घडते, याचे उत्तर पुढच्या दोन अभ्यासांतून मिळू लागले. जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘व्यक्त भावना’, म्हणजे रुग्णाविषयी बोलताना नातेवाइकांच्या शब्दांत व स्वरांत उमटणारी टीका, वैर आणि अतिगुंतवणूक, मोजली. ती तीव्र असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला, सौम्य असलेल्या घरांत १६ टक्क्यांचा. कुटुंबाच्या बदलण्याचा फटका पुन्हा रुग्णालाच बसतो, हे यातून दिसले. १९८० मध्ये स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांचा भार मोजला, तेव्हा त्याचा संबंध रुग्णाच्या वर्तनातील बिघाडाशी नव्हे, तर इतर नातलग रुग्णाला भेटायला किती वारंवार येतात याच्याशी आढळला. आजाराच्या तीव्रतेपेक्षा काळजीवाहकाचे एकटेपण अधिक जाचते, असा या निष्कर्षाचा रोख आहे.

भारतात ही जाणीव व्यवहारात आधीच उतरली होती. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत नातेवाइकांना राहू दिले आणि आजार समजावून सांगत त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. १९८१ मध्ये शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी भारतीय कुटुंबांसाठी भारमापनाची प्रश्नावली तयार केली, जिच्यात पैसा, रोजचे व्यवहार, विरंगुळा, परस्परसंबंध आणि इतरांचे शारीरिक व मानसिक आरोग्य अशा बाबी येतात. त्यातील ‘परस्परसंबंध’ ही बाब महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. आईवडिलांचे महिने भावाभावांत वाटले जातात, कोणाची पाळी कधी संपते याचा हिशेब ठेवला जातो, औषधांच्या वेळा सुनेला पाठ असतात आणि निर्णय मात्र मुलगे घेतात. येणारा पाहुणा आजाऱ्याची विचारपूस करतो, पण रात्री उठणारीला तिची झोप झाली का, असे सहसा विचारत नाही.

या विचाराला सर्वांत महत्त्वाचा आक्षेप अपंगांच्या चळवळीतून आला. जेनी मॉरिस यांच्यासारख्या लेखिकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की काळजीवाहकाच्या कष्टांची चर्चा करता करता अपंग व्यक्तीलाच ओझे मानले जाते आणि तिने दिलेले प्रेम, सल्ला, सोबत हिशेबातून गळून पडते. हा आक्षेप रास्त आहे. भार असतो तो कामाचा. माणूस भार नसतो, आणि जिथे काम वाटले जात नाही तिथेच हा भेद पुसला जातो.

भारतीय कायदा अजून कुटुंबाला भाग पाडणे आणि त्याला आधार देणे या दोन टोकांमध्ये उभा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाबाबतचा २००७ चा कायदा मुलांना निर्वाहभत्ता देण्यास भाग पाडतो आणि वृद्धांना टाकून देणे शिक्षापात्र ठरवतो. निराधार वृद्धांसाठी हे संरक्षण आवश्यकच आहे, परंतु न्यायाधिकरण पैसे मिळवून देऊ शकते, रात्रीच्या जागरणाला जोडीदार मिळवून देऊ शकत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली आणि अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद सुचवली, हे पाऊल म्हणूनच मोलाचे आहे. काही दिवसांची पर्यायी शुश्रूषा, घरी येणारी परिचारिका आणि भावंडांनी पैशाइतकीच वेळाचीही केलेली वाटणी यांमुळे सहनशक्ती टिकते. आजवरच्या वाटचालीचा अर्थ एवढाच की कुटुंबाकडून मायेची अपेक्षा धरणाऱ्या समाजाने ती माया टिकेल अशी परिस्थितीही निर्माण केली पाहिजे. तसे न करता थकलेल्या माणसाला कृतघ्न ठरवणे हा रुग्ण आणि त्याचे आप्त या दोघांवरही अन्याय आहे.