अलीकडचा काठ

आपल्या भागात पावसाळा लागला की एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. रपट्यावरून पाणी चालले आहे. पलीकडे घर आहे, बाजार आहे, दवाखाना आहे, सोयरेधायरे आहेत. जावे की थांबावे? प्रश्न साधा, व्यवहारातला वाटतो. पण त्यात आपला जीव, दुसऱ्याचा जीव आणि कुणाला तरी दिलेला शब्द असे सारेच गुंतलेले असते. म्हणून मी त्याला नीतीचा प्रश्न मानतो.

संत्र्याच्या मुलखात ‘ऑरेंज अलर्ट’ या शब्दाची थट्टा होणारच. पारावर कुणीतरी म्हणतो, ‘आमच्याकडे तर झाडाझाडाला ऑरेंज अलर्ट लागलेला असतो,’ आणि सगळे हसतात. हसण्यात वावगे काही नाही. पण या रंगांना अर्थ आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. तेवढे पाणी सातपुड्याच्या उतारावरून खाली यायला फार वेळ लागत नाही. शिवाय आपली गंमत अशी, की हवामान खात्याच्या वहीत पांढुर्णा-सौंसर पूर्व मध्य प्रदेशात, शेजारचा बैतूल पश्चिम मध्य प्रदेशात आणि नरखेड-सावनेर विदर्भात. तीन शेजारी, तीन उपविभाग. ढगाला मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी वाटणी झाल्याचे कुणी कळवलेले नाही.

मोवाडची आठवण या भागात अजून बुजलेली नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात त्या गावातली २०४ माणसे गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यातले. नदी उगम पावते ती मुलताईच्या बाजूला, मध्य प्रदेशात. वरच्यांचा पाऊस खालच्यांचा पूर होतो, ही गोष्ट त्या दिवशी दोन्ही राज्यांना कळली. तेव्हा हातोहाती फोन नव्हते. झोपलेल्या माणसाला कुणी दोष देऊ शकत नाही. पण एक प्रश्न तिथून आपल्या पदरात पडला: वरच्या गावाला पाणी चढताना दिसले, तर खालच्या गावाला सांगण्याचे त्याचे कर्तव्य आहे की नाही? मला वाटते, आहे. भाऊबंदकी असो वा नसो, सरहद्द असो वा नसो. ज्याला आधी दिसते, त्याच्यावर आधी जबाबदारी येते.

आता एकतीस वर्षे पुढे या. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात, केळवदजवळ, पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात मुलताईकडच्या एका कुटुंबाची गाडी वाहून गेली. या वेळी खिशाखिशात फोन होते, इशारे होते. याचा अर्थ असा, की अडचण केवळ माहितीची नाही. माणूस ऐकतो आणि तरीही जातो. का जातो?

‘काही नाही होत’ हे एक कारण. साधारण फूटभर वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेते, हे आपल्याला खरे वाटत नाही. कारण गाडी लोखंडाची आणि पाणी मऊ. दुसरे कारण लाजेचे. मागचा हॉर्न वाजवतो, पलीकडचा हात हलवतो, आणि मधल्याला थांबणे म्हणजे भित्रेपणा वाटतो. तिसरे कारण मात्र हसण्यासारखे नाही. रोजीवर जाणाऱ्याचा दिवस बुडतो, मंडीत नेलेला माल सडतो, आजारी माणूस वाट पाहतो. घरात बसून ‘थांबा’ म्हणणे सोपे असते. थांबण्याची किंमत कुणी भरायची, हे त्या सल्ल्यात लिहिलेले नसते.

कुणी म्हणेल, जीव माझा, निर्णय माझा. एकट्यापुरते ते मान्य करू. पण रपट्यावर कुणीच एकटा नसतो. मागच्या सीटवर लेकरे असतात. त्यांना कुणी विचारलेले नसते. आपल्याला जाताना पाहून आणखी दोघे गाडी घालतात. आणि बुडणाऱ्यामागे दोर घेऊन उतरतो तो शेजारच्या गावातला कुणाचा तरी मुलगा. आपले धाडस त्याच्या आईच्या खात्यावर मांडले जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दहा वेळा इशारा येतो, आठ वेळा ऊन पडते. मग विश्वास कसा ठेवावा? याचे उत्तर असे, की इशारा हे भविष्य नव्हे. बागेचा राखणदार रात्री हाळी देतो. रोज चोर येत नाही म्हणून कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण इशारा देणाऱ्यालाही येथे एक हिशेब द्यावा लागेल. ‘आम्ही सांगितले होते’ एवढे म्हणता यावे म्हणून पाठवलेला इशारा हा इशारा नसून पावती आहे. कोणता नाला, किती वाजता, कोणता रस्ता बंद, हे ज्यात आहे, आणि जो म्हाताऱ्या माणसालाही समजेल अशा बोलीत आहे, तोच खरा. हिंदी आपल्याला परकी नाही. तरीही फोनवरच्या शुद्ध वाक्यापेक्षा ‘अगा, नाल्याले पूर हाये, जाऊ नोको’ हे शेजाऱ्याचे बोलणे पाय अधिक लवकर थांबवते.

मागे एकदा सौंसरकडून येताना आमच्या जीपवाल्याने नाल्याअलीकडे गाडी उभी केली. पाणी पुलाच्या कठड्याला लागले होते. आतल्यांनी कुरकुर केली. एकाने भाडे परत मागितले. तो एवढेच म्हणाला, ‘भाडे घ्या, पण गाडी नाही जायची.’ आम्ही तीन तास थांबलो. जवळच्या घरच्या काकूंनी ओसरीत बसवले, चहा दिला, एका बाईच्या लहानग्याला कोरडे कपडे दिले. त्या तीन तासांत त्याचे दोन फेऱ्यांचे पैसे बुडाले. पाणी उतरल्यावर त्याबद्दल कुणी त्याचे आभार मानल्याचे मला आठवत नाही. जो अपघात झालाच नाही, त्याचे श्रेय कुणाला मिळत नाही.

येथेच माझ्या मते प्रश्नाचे मूळ आहे. पूर ओलांडून येणाऱ्याच्या गोष्टी आपण लग्नापंगतीत सांगतो. थांबलेल्याची गोष्ट होत नाही. इशारा ऐकणे ही एकट्याची शहाणीव आपण समजतो, पण तिला गावाची साथ लागते. मालकाने ‘आज नाही आलास तरी चालेल, रोजी कापणार नाही’ म्हणावे. मास्तरांनी गैरहजेरी लावू नये. सासरच्यांनी फोन करून ‘लेकीला उद्याच पाठवा’ म्हणावे. आणि नाल्याकाठी ज्याचे घर आहे, त्याने ओसरी मोकळी ठेवावी.

भोपाळहून येणारा इशारा अर्धाच असतो. अलीकडच्या काठावर थांबलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली आणि पलीकडे त्याला कुणी बोल लावला नाही, तरच तो पुरा होतो. उरलेला तो अर्धा आपल्या हातात आहे.